उद्घाटनानंतर दहा वर्षांनी परत या : जपानच्या ‘जायका’ला खुले पत्र

प्रति,
जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था (जायका),
मुख्यालय टोकियो आणि भारत कार्यालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

पाणीपुरवठ्याच्या कामात उमेदीची वर्षं गेलेली, आता निवृत्त होऊन पुण्यात राहणारी एक अभियंता आपल्याला हे पत्र लिहिते आहे. पत्र मुद्दाम मराठीत लिहिलं आहे. ज्यांच्या घरच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा हा विषय आहे, त्यांनाही ते वाचता यायला हवं.

मागणी आधीच सांगून टाकते. जगभरात आपल्या पैशांतून जलशुद्धीकरण केंद्रं उभी राहतात, जलवाहिन्या आणि मैलापाणी प्रकल्प होतात. ते चालवणारी माणसं तयार झाल्याशिवाय तिथून निघू नका, आणि उद्घाटनाला दहा वर्षं झाली की काय चाललंय ते बघायला परत या. हे आपल्याला सांगण्याचं धाडस करते, कारण असं काम करून दाखवल्याचा सगळ्यात चांगला दाखला आपलाच आहे.

तो दाखला कंबोडियाच्या नॉम पेन्हचा. १९७५ साली ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट राजवटीने ते अख्खं शहर रिकामं केलं. १९७९ नंतर माणसं परतली, पण नळखात्यातले जाणकार बहुतेक मारले गेले होते. १९९३ साली शहरातल्या जेमतेम पाव हिस्सा लोकांकडे नळ होता, पाणी दिवसातले दहा तास यायचं आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. काही गळत होतं, काही चोरीला जात होतं, काहीचं बिल निघत नव्हतं. त्या वर्षी आपण शहराच्या पाण्याचा बृहत् आराखडा केला. फुम प्रेकचं जलशुद्धीकरण केंद्र अनुदान देऊन दुरुस्त केलं. फ्रान्स, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांचेही पैसे तिथे आले. श्रेय एकट्या जपानचं नाही, आणि सगळ्यात मोठा वाटा तर त्या खात्याचे प्रमुख ‘एक सोन चान’ (‘एक’ हे नावातलंच) यांचा. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ते मीटर बसवायला गेले, तर त्यांच्यावर पिस्तूल रोखलं गेलं. ते परत फिरले, सशस्त्र बंदोबस्त घेऊन पुन्हा गेले आणि ती जोडणी तोडून आले. अशा माणसाला आपण साथ दिलीत.

साथ कशी दिलीत, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९९९ पासून जपानमधल्या किताक्युशू शहराच्या नळखात्यातले कर्मचारी नॉम पेन्हला जाऊन राहू लागले. ते सल्लागार कंपनीचे नव्हते, रोज स्वतःच्या शहराला पाणी सोडणारे होते. वितरणाचे विभाग पाडणं, प्रत्येक विभागात किती पाणी गेलं आणि किती मोजलं गेलं ते पडताळणं, गळती हुडकणं, प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी, ही कामं त्यांनी तिथल्या माणसांच्या शेजारी उभं राहून शिकवली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हिशेबात न येणारं पाणी सुमारे ६ टक्क्यांवर आलं. चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर, नळाखाली पेला धरून पिता येईल असं पाणी. एक सोन चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांच्या संस्थेला २०१० साली स्टॉकहोमचा उद्योग जल पुरस्कार. हा ६ टक्क्यांचा आकडा युरोपातल्या कित्येक शहरांनाही गाठता आलेला नाही.

किताक्युशूला हे जमलं त्यालाही कारण आहे. साठच्या दशकात त्या शहराजवळचा दोकाई उपसागर कारखान्यांच्या सांडपाण्याने इतका मेला होता की त्यात मासा राहिला नव्हता. तोबाता भागातल्या गृहिणींनी काजळीने काळे झालेले कपडे पुढे करून, धूळ मोजून, कारखानदारांना आणि पालिकेला जाब विचारला. मग शहर बदललं. स्वतःच्या घरातली घाण ज्यांनी काढली आहे, त्यांची शिकवणी वेगळी असते.

मुळात आपला सगळा देशच या शाळेतून गेलेला आहे. १८८६ च्या एका वर्षात जपानमध्ये पटकीने (कॉलऱ्याने) एक लाखाहून जास्त माणसं दगावली. पुढच्या वर्षी योकोहामात पहिली आधुनिक पाणीपुरवठा योजना सुरू झाली, ती हेन्री स्पेन्सर पामर या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने आखलेली. त्याच वर्षी विल्यम बर्टन हा स्कॉटिश अभियंता टोकियोच्या विद्यापीठात आरोग्य अभियांत्रिकी शिकवायला आला. तेव्हा शिकवणारे बाहेरचे होते आणि शिकणारे आपले होते. त्या शिकणाऱ्यांनी पुढे देशभर योजना केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर आपण कर्जदारही होतात. चिता द्वीपकल्पाची तहान भागवणारा आइची कालवा जागतिक बँकेच्या कर्जातून झाला, १९५७ ते १९६१ या चार वर्षांत. जागतिक बँकेचं सगळं कर्ज आपण फेडून संपवलं ते १९९० साली. कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने टेबलाशी बसणं कसं असतं, हे आपल्या देशाला आठवत असेल.

टोकियोत पन्नासच्या दशकात पाचातलं एक भांडं पाणी गळून जायचं. आज गळती ३-४ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यासाठी तिथले कर्मचारी रात्री रहदारी थांबली की रस्त्यावर उतरतात, लोखंडी सळीचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावतात आणि जमिनीखालची गळती ऐकून शोधतात. यंत्रं आली तरी ते कान लागतातच. माझ्या नोकरीत मी असे कान असलेली माणसं पाहिली आहेत, आमच्याकडच्या गावांतही. व्हॉल्व्हमन म्हणतात त्यांना. नकाशात नसलेली लाइन कुठून गेली आहे आणि कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की वरच्या आळीला पाणी चढतं, हे त्यांच्या डोक्यात असतं. ते निवृत्त झाले की ते सगळं ज्ञान घरी जातं. कारण त्यांना प्रशिक्षण देणं किंवा त्यांच्याकडून शिकून घेणं हे कुठल्याच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नसतं.

आता आपल्या भारतातल्या कामाकडे येते. १९९३ साली सुरू झालेली यमुना कृती योजना जपानी कर्जावर उभी राहिली. केंद्रं बांधली गेली. पण कुठे केंद्रापर्यंत मैलावाहिनीच जोडली नव्हती, कुठे विजेचा खर्च पेलवत नव्हता, आणि दिल्लीच्या वस्त्या त्या योजनेच्या कितीतरी पुढे पळाल्या. आजही छठपूजेच्या दिवसांत दिल्लीत यमुनेवर फेस तरंगताना सगळा देश बघतो. गोव्यात २००७ च्या करारातून साळावलीच्या पाण्याचं आणि शहरांतल्या मलनिस्सारणाचं काम झालं. बंगळुरूला कावेरीचं पाणी नेणारा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा, भोवतालच्या ११० गावांसाठी. तामिळनाडूत होगेनक्कलची योजना धर्मपुरी आणि कृष्णगिरी या जिल्ह्यांत फ्लोराइडच्या पाण्याऐवजी नदीचं पाणी घेऊन गेली. ज्या गावात मुलांचे दात पिवळे पडतात आणि म्हाताऱ्यांची हाडं वाकतात, तिथे अशी योजना म्हणजे काय, हे यवतमाळ-चंद्रपूरकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि पुणे. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी आपण जानेवारी २०१६ मध्ये १९०६.४ कोटी येनच्या कर्जाचा करार केलात. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. पायाभरणी व्हायला ६ मार्च २०२२ उजाडला. सहा वर्षं निविदा आणि फेरनिविदांत गेली, आणि खर्च सुमारे ९९० कोटी रुपयांवरून १४७० कोटींपुढे गेला. हा उशीर आमच्या बाजूचा आहे, तो आपल्या माथी मारत नाही. मात्र त्या सहा वर्षांत केंद्र चालवणारी माणसं तयार करता आली असती. निविदा अडली म्हणून प्रशिक्षण अडायचं कारण नव्हतं.

पुण्याचं मैलापाणी पुण्यात थांबत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा दौंड-इंदापूरकडून उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. त्याच भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात, आणि आषाढीला लाखो वारकरी तिच्यात उतरतात, तिचं पाणी तोंडात घेतात. पुण्यात एखादं केंद्र वीज नाही म्हणून किंवा पंप बिघडला म्हणून बंद राहिलं, तर त्याची खबर पुणेकराला लागत नाही. ती उजनीकाठच्या मच्छीमाराला लागते, जलपर्णीत जाळं अडकतं तेव्हा. म्हणून केंद्र बांधून झालं एवढ्यावर आपलं समाधान होऊ नये असं मी म्हणते.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. चालती-बोलती माणसं हातपाय लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेली. संशय पाण्यावर होता, आणि रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. खडकवासल्याच्या धरणाच्या भिंतीखालच्या गावांची ही गोष्ट आहे. पालिकेत नव्याने आलेल्या या भागात विहिरीतल्या पाण्यात क्लोरिन टाकून ते पुरवलं जात होतं, पूर्ण शुद्धीकरण नव्हतं. शहरातल्या पाण्याच्या गळतीचा आकडा पालिका स्वतः ४० टक्क्यांच्या आसपास सांगत आली आहे. नॉम पेन्हच्या ७२ पेक्षा तो कितीतरी बरा आहे. मग ६ वर जाण्याची वाट इथे का निघू नये? कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. लहान गावाला जमलं ते मोठ्या शहराला जमवण्यासाठी किताक्युशूची चार माणसं आणि नॉम पेन्हची चार माणसं इथे वर्षभर राहिली, इथले व्हॉल्व्हमन आणि मीटर रीडर तिकडे महिनाभर जाऊन आले, तर त्याला कर्जाच्या मानाने किती पैसे लागतील? नॉम पेन्हचे लोक मी मुद्दाम म्हटलं. टोकियोचा अभियंता आमच्या लोकांना फार दूरचा वाटेल. बेकायदा नळजोड, नगरसेवकाचा फोन, अर्धवट नकाशा हे सगळं नॉम पेन्हच्या माणसाने भोगलेलं आहे.

महाराष्ट्रानेही जगाला पाण्याच्या बाबतीत एक मोठी गोष्ट दिली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत बोअरवेलवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप काही महिन्यांत मोडून पडायचे. ते मुळात एका कुटुंबाने वापरायचे पंप होते, त्यांच्यावर सगळं गाव तुटून पडायचं. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत पंप सुधारण्याचं काम सुरू झालं, सोलापुरात एका स्वीडिश मिस्त्रीने ते पुढे नेलं, आणि सोलापूरच्या त्या पंपावरून युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. बाहत्तरच्या दुष्काळानंतर ज्याला आम्ही गावोगाव हापसा म्हणू लागलो, तोच हा. पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तो पोचला. त्याच्यानंतर ‘मार्क थ्री’ काढावा लागला, कारण मार्क टू दुरुस्त करायला तालुक्याहून गाडी यावी लागायची आणि तोवर बायका पुन्हा नदीच्या डोहाकडे वळायच्या. गावातल्याच माणसाला उघडता येईल असा पंप हवा, एवढं कळायला जगाला दहा-पंधरा वर्षं लागली. हे ज्ञान जालन्याच्या आणि सोलापूरच्या मातीत तयार झालेलं आहे. आपल्या आफ्रिकेतल्या ग्रामीण पाणी योजनांसाठी इथल्या मेकॅनिक मंडळींना बोलवा. भारत फक्त कर्ज घेणारा देश आहे असं समजू नका.

लहान शहरांच्या बाबतीत मला आपल्याकडून मोठी केंद्रं नकोच आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांत भुयारी गटार नाही, घराखाली सेप्टिक टँक आहे, आणि तो तुंबल्याशिवाय कोणी उपसत नाही. उपसला की टँकर मिळेल त्या ओढ्यात रिकामा होतो. कित्येकदा अजूनही माणूस आत उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी टाकीत गुदमरून सफाई कामगार मेल्याच्या बातम्या थांबत नाहीत. वाई आणि सिन्नर या दोन गावांनी ठरावीक वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक टाकी उपसून तो गाळ प्रक्रियेला नेण्याची पद्धत बसवली. जपानने हेच काम देशभर केलं आहे. गटार पोचायच्या आधी आपल्याकडे उपसा करणाऱ्या गाड्या होत्या, त्या मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रं होती, आणि जिथे गटार परवडत नाही तिथे सांडपाणी जागीच शुद्ध करणारी घरापुरती ‘जोकासो’ टाकी. तिच्या देखभालीचा कायदा आपण १९८३ साली केला, टाकी तपासणाऱ्याला परवाना लागतो. आपल्या भारतातल्या कामात हे इतकं कमी का दिसतं, हे मला समजत नाही. नदीकाठचं मोठं केंद्र दाखवायला सोपं असतं हे कारण नसावं, अशी आशा आहे.

आता भारताबाहेरचं. या क्षेत्रात १९९० च्या दशकापासून अनेक वर्षं जपान जगात सर्वाधिक मदत देणारा देश राहिला आहे. जून २०२५ च्या अखेरीस अमेरिकेची परदेशांना मदत देणारी संस्था यूएसएआयडी बंद झाली, आणि तिच्यासोबत कितीतरी देशांतल्या विहिरी, शौचालयं, पाणी समित्या वाऱ्यावर पडल्या. अजून जगात दोनशे कोटींहून जास्त माणसांना सुरक्षित पाणी घरात मिळत नाही, आणि सुरक्षित शौचव्यवस्था नसलेले त्याहूनही जास्त आहेत. कुमामोतोच्या आशिया-पॅसिफिक जल परिषदेत एप्रिल २०२२ मध्ये आपल्या सरकारने पाच वर्षांत सुमारे ५०,००० कोटी येन देण्याचं जाहीर केलं. त्यातला किती हिस्सा कर्ज आणि किती अनुदान, हा प्रश्न मी पुण्यात बसून विचारते, कारण पुणे कर्ज फेडू शकतं. मालावीतलं किंवा दक्षिण सुदानमधलं खेडं फेडू शकत नाही. आम्हाला कर्ज द्या, त्यांना अनुदान द्या. आमच्या वाट्याची सवलत थोडी कमी झाली तरी चालेल, असं मी एक करदाती म्हणून लिहून देते.

आपले सम्राट नारुहितो राजपुत्र असताना १९८७ साली नेपाळमध्ये पोखराजवळ गेले होते. तिथे एका झऱ्याच्या बारीक धारेखाली हंडे घेऊन थांबलेल्या बायका-मुलांचा फोटो त्यांनी काढला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पाणी आणि स्वच्छताविषयक सल्लागार मंडळाचे मानद अध्यक्ष म्हणून त्यांनी तो फोटो जगाला पुन्हा पुन्हा दाखवला. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तसाच आदर आपल्या तेत्सु नाकामुरांबद्दल आहे. कुष्ठरोगावर उपचार करायला आलेला हा डॉक्टर २००० च्या दुष्काळात अफगाणिस्तानात मुलं घाण पाण्याने मरताना पाहून विहिरी खणू लागला. सुमारे १६०० विहिरी झाल्या. मग कुनार नदीवरून २५ किलोमीटरचा कालवा. त्याची पद्धत त्यांनी फुकुओकातल्या चिकुगो नदीवरच्या जुन्या यामादा बंधाऱ्यावरून घेतली. तारेच्या जाळीत दगड, काठाला वाळुंजाची झाडं. सिमेंट कमीत कमी, कारण पुढे दुरुस्ती अफगाण शेतकऱ्यालाच करायची होती. ४ डिसेंबर २०१९ ला जलालाबादेत त्यांची हत्या झाली. कालवा चालू आहे, त्यावर हजारो एकर शेती उभी आहे. आपल्या संस्थेनेही त्यांच्या बंधाऱ्यांच्या कामात हात दिला होता, म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही.

शेवटी एक अगदी साधी विनंती. प्रकल्प संपल्यावर तीनेक वर्षांत आपण त्याचं मूल्यमापन करता आणि अहवाल जपानी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करता. असं उघडपणे करणारे देश थोडे आहेत, म्हणूनच मागते. तीन वर्षांत नवा पंप नवाच असतो, म्हणून दहा वर्षांनी दुसरं मूल्यमापन करा. केंद्राची क्षमता किती, हे त्यात असू देच. शिवाय गेल्या वर्षी ते किती दिवस बंद होतं, का बंद होतं, वीजबिल कोणी भरलं, चालवणारी माणसं कायम आहेत की कंत्राटी, आणि नदीच्या खालच्या अंगाला पाणी कसं आहे, हेही लिहा. खालचं अंग म्हणजे पुण्याच्या बाबतीत उजनी आणि पंढरपूर. ते पुणे महापालिकेच्या हद्दीत येत नाहीत म्हणून त्यांना अहवालातून वगळू नका. आणि तो अहवाल मराठीत काढा. गोव्याचा कोकणीत आणि मराठीत, होगेनक्कलचा तमिळमध्ये, नॉम पेन्हचा ख्मेरमध्ये. सोलापूरच्या एखाद्या नगरसेविकेला तो सभागृहात वाचून दाखवता आला पाहिजे, इंदापूरच्या मच्छीमार सोसायटीला त्यावर हरकत घेता आली पाहिजे.

पुण्याची अकरा केंद्रं पूर्ण होतील तेव्हा उद्घाटनाला आपले अधिकारी येतील. त्याच दिवशी दहाव्या वर्षीच्या तपासणीची तारीख करारात लिहून जाहीर करावी, आणि त्या तपासणीला दौंड, इंदापूर, सोलापूर आणि पंढरपूरचे प्रतिनिधी बोलवावेत. माझं वय पाहता मी त्या वेळी असेन-नसेन. म्हणून ती तारीख लेखी हवी आहे.

आपली विश्वासू,
पुण्यातील एक निवृत्त पाणीपुरवठा अभियंता